तिसरा काटा

माझी नणंद पद्मिनी हिनं सारा जन्म नर किड्यांच्या शेपटाकडे बघण्यात घालवला, आणि माणसांतल्या एकाही नराकडे धड पाहिलं नाही. हे मी तिच्या तोंडावर कितीदा तरी बोलले आहे. ती हसते, चष्मा पुसते आणि जिना चढून वर निघून जाते. तिला राग येत नाही, याचाच मला राग येतो.

गुढियारीतलं आमचं घर सासऱ्यांनी बांधलं. ते भंडाऱ्याहून रेल्वेत आले आणि या हिंदी मुलखातलेच झाले. माझे मिस्टर धर्मपाल वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून रिटायर झाले. पद्मिनी त्यांची धाकटी बहीण. एका खाजगी कॉलेजात तिनं प्राणिशास्त्र शिकवलं, ती मागच्या वर्षी रिटायर झाली. निरोपाच्या दिवशी प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं, भाषणात ‘हमारी कीड़ों वाली दीदी’ म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला, की कपाट रिकामं करून द्या. मग एक टेम्पो भरून बाटल्या आमच्या छतावरच्या खोलीत आल्या. तेव्हापासून वरच्या मजल्याला दवाखान्यासारखा स्पिरिटचा वास येतो. मिस्टर म्हणतात, सवय होते. यांना कशाचीही सवय होते.

पद्मिनीच्या या किड्याला इंग्रजीत कॅडिसफ्लाय म्हणतात. मराठीत त्याला नाव नाही. खेड्यातल्या माणसांना विचारलं तर ती ‘कीरा ए’, म्हणजे किडा आहे, एवढं म्हणून मोकळी होतात. दिसायला पतंगासारखा, भुरा, मरतुकडा. पंख छपरासारखे उतरते मिटून बसतो. दिव्यावर आला तर आपण झाडूनं लोटून देऊ. पण त्याची अळी पाण्यात राहते, आणि ती मात्र मोठी गवंडी. तोंडातून रेशीम काढते, वाळूचा एकेक कण त्यानं चिकटवते आणि स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, हिचं अंगाभोवती. लग्न होऊन आले तेव्हा पद्मिनीनं मला असं एक घर तळहातावर ठेवून दाखवलं होतं. मी म्हटलं, “छान आहे,” आणि हात धुवायला गेले.

तिचं काम असं. गरियाबंदकडे नाहीतर सिहाव्याच्या डोंगरात एखादा नरवा गाठायचा. नरवा म्हणजे इकडे ओढा. दिवेलागणीला काठावर पांढरी चादर ताणायची, समोर दिवा लावायचा आणि कीडे येऊन बसायची वाट बघायची. गाडी नत्थू नावाच्या ड्रायव्हरची. तो काचा वर करून आत बसून राहतो, कारण त्याच्या मते मॅडमचं डोकं ठिकाणावर नाही. पद्मिनी चादरीसमोर एकटी उभी. आलेले कीडे बाटलीत टाकायचे आणि घरी आणायचे.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. वरून हे सगळे कीडे सारखेच. जात ओळखायची तर नराच्या शेपटाच्या टोकाला जे बारीक आकडे आणि काटे असतात, तेच बघावे लागतात. मादीवरून ओळख पटणं अवघड, म्हणून मादी बाजूला. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं होतं, “इथंबी आमची ओळख नवऱ्यावरूनच का वो?” तर ते शेपूट कापायचं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवून मांस विरघळवायचं, काचेच्या वाटीत ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघत पेन्सिलनं चित्र काढायचं. घरामागून मालगाडी गेली की टेबल थरथरतं. तेवढा वेळ ती पेन्सिल उचलून धरते, गाडी गेली की पुन्हा टेकवते. एका चित्राला आठवडा जातो.

आणि एवढं करून तो कीडा कोणत्याच पुस्तकात सापडला नाही, तर तो नवा. मग त्याला नाव द्यायचं. पद्मिनीनं अशी विसेक नावं दिली आहेत. त्यात एक रीत आहे: आपण शोधलेल्या किड्याला आपलंच नाव द्यायचं नाही. दिलं तर पोलीस धरत नाहीत, पण लोक हसतात. आपलं नाव दुसऱ्यानं द्यायचं असतं, त्यानं शोधलेल्या किड्याला.

आता दुसरा आणायचा कुठून? आपल्या देशात हे काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. परदेशात एक म्हातारे प्रोफेसर होते, ते तिला नेमानं लिहायचे, तिच्या चुका काढायचे. ते वारल्याचं त्यांच्या मुलीनं कळवलं त्या दिवशी पद्मिनी जेवायला खाली आली नाही. मी वर गेले तर म्हणाली, “वैनी, आता माह्यं वाचणारं कोणी राहिलं नाई.” मी म्हटलं, “भाजी गरम आहे, ये खाली.”

म्हणून मागच्या हिवाळ्यात ती फोन घेऊन स्वयंपाकघरात धावत आली, तेव्हा मी घाबरलेच. ती धावत नाही कधी.

“वैनी, माह्या नावाचा कीडा होऊन राहिला!”

विशाल नावाचा एक मुलगा, मूळ पुण्याकडचा, ओडिशात कोरापूटच्या ओढ्यांवर संशोधन करतो. पद्मिनीचं छापलेलं वाचून वाचूनच तो हे काम शिकला. त्याला एक नवी जात सापडली होती आणि तिला तो पद्मिनीचं नाव देणार होता. लेख पाठवायच्या आधी त्यानं चित्रं तिच्याकडे धाडली, मॅम एकदा नजर घाला म्हणून. पद्मिनी मला ते नाव वाचून दाखवत होती. पद्मिनी, आणि मागे लॅटिनचं शेपूट. तीन-चार वेळा तरी वाचलं. तिचे डोळे भरून आले होते. मी तिला एवढी खूश कधीच पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मलाही रडू आलं. कोणीतरी कुठंतरी बसून हिचं सगळं वाचलं होतं.

मग काय, आमच्या मिस्टरांच्या पोटात तीळ भिजत नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर ते उभे राहिले आणि सगळ्यांना सांगून मोकळे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमची रुचिता हैदराबादला नोकरी करते, ती फोनवर ओरडली, “बुआ, सच में? मैं तो सबको बता रही हूँ!” आणि तिनं सांगितलंही. शेजारच्या विमलानं मला बाजूला घेऊन विचारलं, “नाव द्यायचंच होतं तं एखाद्या रस्त्याले द्या ना, किड्याले काहून?” मी म्हटलं, “तुह्या नावानं तं मच्छरबी नाई कोणी ठेवत.” त्या दिवशी पद्मिनी इस्त्रीची साडी नेसून आली होती. जो भेटेल त्याला ती नळीच्या घराची गोष्ट सांगत होती, आणि त्या दिवशी लोक ऐकत होते.

त्यानंतर दोन-तीन आठवडे बरे गेले. मग ती गप्प झाली.

तशी ती कमीच बोलते, पण हे गप्प वेगळं होतं. ताटावर बसायची, भात कालवायची आणि तसाच ठेवून उठायची. विशालचे दोनदा फोन आले, ती म्हणाली बघते आहे. मिस्टरांना विचारलं तर म्हणाले, “थकली असन.” यांच्या लेखी जगातल्या सगळ्या दुखण्यांची दोनच कारणं, थकवा आणि गॅस. एका दुपारी तिनं नाश्ताही केला नाही असं लक्षात आलं, तेव्हा माझी सटकली. मी पोहे घेऊन वर गेले, चार शब्द सुनावायचेच असं ठरवून.

खोलीत टेबलावर विशालनं पाठवलेलं चित्र होतं. शेजारी तिचं स्वतःचं एक जुनं चित्र, कागद पिवळा पडलेला. आणि एक बारकी बाटली उघडलेली.

“वैनी, बस,” ती म्हणाली. “मले तुह्ये डोळे पाह्यजेत.”

“आधी खा.”

“मंग खातो. आधी ऐक.”

तिनं मला समजावून सांगितलं. इतक्या वर्षांत तिनं मला बसवून काही समजावलं असेल तर ते त्या दुपारी. विशालच्या किड्याच्या शेपटाला एका बाजूला तीन काटे होते. सिहाव्याच्या एका ओढ्यावर पंचवीसेक वर्षांपूर्वी तिला असाच एक कीडा सापडला होता, तिनं त्याला नाव देऊन छापलाही होता. दोन्ही कीडे सगळ्या बाबतीत सारखे. फरक एकच: तिच्या जुन्या चित्रात काटे दोन होते. त्या तिसऱ्या काट्यामुळेच विशालचा कीडा नवा ठरत होता.

“पण मले राहून राहून वाटे,” ती म्हणाली, “का तेव्हा आपल्या हातून गडबड तं नाई झाली? कॉलेजचा मायक्रोस्कोप तेव्हा एका डोळ्याचा होता, म्हातारा. शेपूट वाटीत जरासं कलंडून पडलं असन, तं एक काटा दुसऱ्याच्या मांगं लपते. समोरून दोनच दिसतात. म्हणून जुना नमुना काढला. एक कोलकात्याच्या संग्रहालयात आहे, हा त्याच्यासंगंच धरलेला दुसरा नर.”

“मंग? किती आहेत?”

“ते मी सांगणार नाई. तू पाह्य.”

“मले काय समजते त्यातलं?”

“काटे मोजता येतात ना? कांदे मोजतं, तसे मोज.” तिनं चष्मा काढून डोळे चोळले. “एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्यात तो आता सुरू झाला आहे. आणि माह्या मनाले एक पाह्यजे, तं डोळा तेच दाखवते का, हे मले समजत नाई. कॉलेजात कोणी असतं तं त्याले बोलावलं असतं. इथं कोणाले बोलावू? दादा वाकून पाहाते आणि म्हणते, छान आहे.”

“आणि तीन निघाले तं?”

“तं दोघं एकच. मंग जुनंच नाव खरं. नवं नाव द्यायचं नाई.”

म्हणजे तिचं नाव नाही. मी उभीच राहिले. विहारातल्या टाळ्या, रुचिताचा फोन, विमलाला दिलेलं उत्तर, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मला त्या क्षणी त्या विशालचाही राग आला. आला कशाला होता हिच्या दारात असला आनंद घेऊन?

मी वाकले. मायक्रोस्कोपात आधी काहीच दिसेना, मग माझ्याच पापण्या दिसल्या. पद्मिनीनं काहीतरी फिरवलं आणि एकदम पिवळसर उजेड पडला. त्यात मधाच्या रंगाचं, काचेसारखं आरपार असं काहीतरी पडलेलं होतं. आकडे, कंगोरे, केस. एवढ्याशा किड्याच्या मागच्या टोकाला एवढं नक्षीकाम कशाला, असंच मनात आलं. बाजूला दोन काटे होते. काळे, बाभळीच्या काट्यासारखे सरळ. दोनच.

माझा जीव भांड्यात पडला. मी बोलणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, “थांब, सुईनं फिरवतो.” उजेडात सुईचं टोक आलं. तिचा हात जराही हलत नव्हता. शेपूट हळूहळू कुशीवर वळलं, आणि दुसऱ्या काट्याच्या मागून तिसरा बाहेर आला. बारीक होता, आखूड होता, पण होता. लपून बसलेल्या पोरासारखा.

मी डोळा काढला नाही. डोळा काढला की बोलावं लागणार होतं. ‘दोन’ हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. एवढंच म्हणायचं होतं. तिचं नाव राहिलं असतं, विहारात मान राहिला असता, आणि मला काय कळतंय, मी तर आठवी पास. कोणी माझ्यावर खोटेपणाचा आळ घेतला नसता.

मी मान वर केली. पद्मिनी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं होतं तिच्या चेहऱ्यावर विनवणी असेल. नव्हती. तिला फक्त मला काय दिसलं ते ऐकायचं होतं. त्या बाईला आयुष्यात एकदा कोणीतरी खरं सांगायला हवं होतं, एवढंच.

“तीन,” मी म्हटलं.

तिनं श्वास सोडला. आणि हसली! “चला. म्हणजे माह्ये डोळे अजून शाबूत आहेत.”

“डोळे गेले खड्ड्यात!” मी ओरडलेच. “तू चूप बसली असती तं कोणाले समजलं असतं?”

“कोणालेच नाई,” ती म्हणाली. “ही बाटली उघडून पाहाणारं दुसरं कोणी नाईच वैनी. ना इथं, ना कुठं. म्हणूनच तं चूप बसता येत नाई.”

पोहे गार झाले होते. ती ते तसेच खाऊ लागली, आणि एका हातानं लॅपटॉप पुढे ओढला. विशालला लिहायचं होतं, की तुझा कीडा नवा नाही, तो आधीच सापडलेला आहे. तुझं चित्र बरोबर आहे, चूक माझ्या जुन्या चित्रात आहे, तसं लेखात स्पष्ट लिही. इंग्रजीत लिहिताना ती मला मराठीत सांगत होती. मी ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव पुसायचं, वर स्वतःची चूक कबूल करायची, आणि पोहे खायचे!

“आणि ते जुनं नाव?” मी म्हटलं. “कोणाचं असं थोर नाव लागून गेलं ते, का त्याच्यापायी तू आपलं घालवलं? कोणता गुरू? का कोणतं गाव?”

टाइप करता करताच ती म्हणाली, “तुह्यं.”

मला वाटलं ती थट्टा करते आहे. पण ती थट्टा करत नाही, तेवढंच तिला येत नाही.

“शांताई,” ती म्हणाली. “शांता, आणि मांगं ते लॅटिनचं शेपूट. छापून गेलं आहे, आता मिटत नाई.”

मी स्टुलावर बसले. माझं नाव शांता आहे, पण हाक मारायला वापरण्यापलीकडे त्याचा काही उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. रेशन कार्डावरही ते तिसऱ्या ओळीत आहे.

“माह्यं काहून?”

“त्या साली आई गेली होती. दादाची बदली डोंगरगडले. मी ओढ्यावरून येवो, तं घरात तूच राहे.” तिनं सहज सांगितलं, जसं ओढ्याचं नाव सांगावं.

“मंग मले सांगितलं काहून नाई?”

“आली होती सांगाले. पुस्तक छापून आलं त्याच दिवशी, हातात घेऊन. तू म्हणाली, किड्याचं मंग सांग, आधी तो गॅस बंद कर. मी गॅस बंद केला. मंग राहूनच गेलं.”

मला तो दिवस आठवत नाही. पण ते बोलणं माझंच आहे, त्यात शंका नाही. असं मी रोज कोणाला ना कोणाला म्हणतेच. मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं माझं नाव कोलकात्याच्या एका बाटलीवर होतं, आणि या घरात ते एकट्या पद्मिनीला ठाऊक होतं. मी तिला खालून जेवायला हाका मारत होते आणि ती वर बसून होती.

तिनं पत्र पुन्हा एकदा वाचलं, एक शब्द बदलला आणि बोट दाबलं.

“गेलं,” ती म्हणाली. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिली, आणि या खेपेला ती रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. असं आमच्यात नसतं, पण ठेवला. तिनं तो झटकला नाही.

थोड्या वेळानं मी म्हटलं, “सरक जराशी. मले पाहू दे.”

ती सरकली. मी वाकले. मालगाडी जात होती, उजेडातले तिन्ही काटे थरथरत होते. खालून मिस्टरांनी चहासाठी हाक मारली, मग पुन्हा मारली. मी डोळा काढला नाही.